वजन नसलेली खिडकी

या पेजवर मी रोज वाचायला येते. लिहायची ही पहिलीच वेळ.

कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. उलट जे नीट आठवत नाही ते सोडून दिलंय.

आणि एक सांगते. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती, वीज गेली नव्हती, आम्ही कुठल्या सामसूम रस्त्यावर नव्हतो. मागच्या वर्षीच्या दिवाळीनंतरची भर दुपार होती. मोताळ्याच्या बाहेर, कापूस वेचणीच्या दिवसांत.

मी मंजुश्री. माहेर उंद्रीचं, सासर बुलडाण्याचं. माझे मिस्टर प्रेमानंद सुतारकाम करतात. नवीन फर्निचर बनवणारे पुष्कळ आहेत, पण जुन्या दारं-खिडक्यांची दुरुस्ती करणारे आमच्या भागात हेच. लग्नानंतर मीही त्यांच्यासोबत कामावर जायला लागले. लाकूड ते बघतात. काच, पुट्टी आणि रंग माझ्याकडे.

आमच्या घरात भूतबाधा, अंगारा-धुपारा असलं कोणी मानत नाही. सकाळी बुद्धवंदना, आणि मग दिवसभर काम. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले.

मोताळ्याच्या बाहेर एक जुनी जिनिंग आहे, कापसाची सरकी काढायचा कारखाना. मशिनी कधीच गेल्या. फक्त दगडी दुमजली इमारत उभी आहे. खाली मोठा हॉल, वर राहायच्या खोल्या. गावातल्या एका मंडळाने ती स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींसाठी अभ्यासिका करायला घेतली. मंडळाचं काम बघणारे शालिग्राम सर, रिटायर्ड मास्तर, स्वतः आम्हाला बोलवायला आले.

"खिडक्या बदलायच्या नाहीत," ते म्हणाले. "आहेत त्याच चालू करून द्या. असं सागवान आता मिळत नाही."

त्या खिडक्या आपल्या नेहमीच्या खिडक्यांसारख्या नव्हत्या. त्यांना बिजागरी नसते. पल्ला चौकटीत खाली-वर सरकतो. दोन्ही बाजूंनी दोरी असते. ती वरच्या कप्पीवरून जाते, आणि तिच्या टोकाला लोखंडी वजन असतं. ते वजन चौकटीच्या पोकळीत लपलेलं असतं. पल्ला वर गेला की वजन खाली जातं. त्या वजनामुळेच पल्ला आपण सोडू तिथे थांबतो. दोरी तुटली तर थांबत नाही. धाडकन खाली येतो. बोटं सापडली तर गेलीच.

या खिडक्यांचा एक आवाज असतो. पल्ला सरकवला की आतून, भिंतीतून, वजन लाकडावर आपटतं.

ठक... ठक...

पहिल्या दिवशी मी दचकले होते. मग सवय झाली.

काम छान चाललं होतं. सगळ्या खिडक्या रंगाने चिकटून बंद पडलेल्या. हे पटाशीने रंग कापायचे, पल्ला बाहेर काढायचे, सडकी दोरी टाकून नवी बांधायचे. मी काचा पुसायची, पुट्टी भरायची. एकेक खिडकी बोलायला लागली की यांना फार आनंद व्हायचा. "ऐक, ऐक, ठोका ऐक," म्हणायचे.

शेवटी वरची कोपऱ्यातली खोली राहिली.

तिथली खिडकी...

उघडी होती.

बाकी सगळ्या बंद. ही एकटीच वरपर्यंत उघडी. आणि तिच्या चौकटीत धूळ नव्हती.

यांनी पल्ला खाली ओढला. लोण्यासारखा आला. वर केला. तसाच गेला.

"हे तं चांगली हाय," ते म्हणाले. "हिले कोणं तरी दुरुस्त केलेलं दिसते."

मी काच पुसत होते. हात थांबला.

"अहो, परत एकदा करा बरं."

त्यांनी परत केलं. खाली. वर.

आवाज नव्हता.

ठोका नाही, कप्पीची करकर नाही... काहीच नाही.

हे गुडघ्यावर बसले. चौकटीच्या बाजूला एक छोटी फळी असते, ती काढली की वजनाची पोकळी दिसते. त्यांनी ती काढली आणि मोबाईलचा टॉर्च आत मारला. मग दुसऱ्या बाजूची काढली.

मग पुन्हा पहिल्या बाजूत डोकावले.

"काय झालं?"

"वजनच नाई," ते म्हणाले. "दोरी बी नाई. दोनी बाजू रिकाम्या हायत."

मी वर पाहिलं. तो जड सागवानी पल्ला, मोठ्या काचेसकट, अर्ध्यावर उभा होता.

"लाकूड फुगलं असेल. अडकला असेल."

त्यांनी एका बोटाने पल्ला ढकलला. तो सरकला. बोट काढलं. तो थांबला.

फुगलेलं लाकूड एका बोटाने हलत नाही. हे मला इतक्या वर्षांत कळलेलं होतं.

मग त्यांनी पल्ल्याच्या खाली हात घातला. मी ओरडले. ते हसले, पण हसणं खरं नव्हतं. हात तसाच ठेवला. पल्ला पडला नाही.

"मंजू, इकडं ये. इथं हात लावून पाह्य."

पल्ल्याच्या खालच्या लाकडाच्या पोटात, जिथे बोटं घालून आपण तो उचलतो, तिथे खळगे होते. चार बोटांचे इकडे, चार बोटांचे तिकडे. कोरलेले नव्हते. झिजलेले होते. जुना वरवंटा हाताने झिजतो ना, तसे.

मी माझी बोटं त्यात ठेवली. बरोबर बसली. बाईच्याच हाताच्या मापाचे होते.

आणि ते खळगे...

कोमट होते.

ती खिडकी उत्तरेची. तिच्यावर ऊन येतच नाही. चौकटीला हात लावला तर गार. काच गार. फक्त तेवढी जागा कोमट. जसं कोणी आत्ताच हात काढून घेतलाय.

किंवा काढलेलाच नाही.

मी मागे सरकले. आणि तेव्हाच दारातून आवाज आला.

"तिले हात नका लावू, बापू."

तानाबाई होती. जिनिंगच्या आवारातच जुन्या खोलीत राहणारी म्हातारी. आम्ही काढलेले सडके लाकडाचे तुकडे ती रोज चुलीसाठी घेऊन जायची. पण इतक्या दिवसांत ती कधी जिना चढून वर आली नव्हती. आताही खोलीच्या आत आली नाही. उंबऱ्याबाहेरच बसली.

"काऊन, मावशी?" यांनी विचारलं.

तिने जे सांगितलं ते तिच्याच बोलीत लिहिते, आठवतं तसं.

"माही माय या जिनात कामाले होती. आमी लेकरं लहान. इथं वर कारकुनाची बायको राहे, अन्नपूर्णाबाई. तिले मूलबाळ नोयतं. आमच्या माया कामावर गेल्या का आमा सगळ्यायले ते वर घेऊन बसे. गाणे शिकवे, खाऊ दे. एक दिवस खालच्या हॉलातल्या रुईले आग लागली. जिन्यात धूरच धूर. उतराले रस्ता नाई. या खिडकीखाली तवा कापसाची मोठी गंजी राहे. बाई म्हने, उड्या मारा. पन खिडकीची दोरी तुटेल होती. उघडी राहेच नाई. मंग तिनं दोनी हातानं वर धरली. आमी तिच्या काखेखालून एक-एक निंगालो. ते म्हने, जा... जा... जा..."

म्हातारी थांबली.

"मी आखरीची. गंजीवर पडली अन् वर पाह्यलं. खिडकी बंद झाली होती. तिच्यासाठी धराले मागं कोणी नोयतंच ना."



"मग?" मी विचारलं.

"मंग काय. आग इझली. बाई धुरानं गेली. लोखंड होतं ते लोकायनं काढून नेलं. पन दुसऱ्या दिवशी पाह्यलं तं खिडकी उघडी. बंद करा, सकाळी उघडी. आजपावतर तशीच हाय. ते धरूनच हाय, पोरी. तिले वाटते आमी अजून आत हाओत."

हे सगळं ऐकून मला भीती नाही वाटली. खरं सांगते. मला रडू आलं.

यांनाही वाईट वाटलं. ते कितीतरी वेळ त्या खळग्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मावशी, आपण वजनं टाकू. नवी दोरी लावू. खिडकी आपोआप उभी राहीन. त्या बाईचे हात मोकळे होतीन."

तानाबाईने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. ती उठून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी वजनं बसवली. सुती दोरी कप्पीवरून घेतली, गाठ मारली, पल्ला चौकटीत बसवला. वर केला.

ठक... ठक...

इतक्या वर्षांनी ती खिडकी बोलली.

मी लगेच खळग्यांना हात लावला. गार. बाकी लाकडाइतकेच गार.

"गेली," मी म्हटलं.

आम्हाला दोघांनाही खूप बरं वाटलं. काहीतरी चांगलं केल्यासारखं. मी ब्रश धुवायला घेतले. हे अजून खिडकीपाशीच होते, दोन्ही हात पल्ल्याखाली.

"चला ना, उशीर होतोय."

"हाव... आलो."

पण आले नाहीत.

"काय झालं?"

"काही नाई. हात निंगत नोयता जरा," ते म्हणाले. "पुट्टी लागली असन."

त्या खिडकीची पुट्टी मी अजून कालवलीच नव्हती.

घरी आल्यावर त्यांचे खांदे दुखत होते. सासूबाईंनी तेल गरम करून चोळलं. जेवले, झोपले.

सकाळी उजाडल्यावर मी उठले तर ते अंथरुणात नव्हते. स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. दोन्ही हात डोक्याच्या वर. तळवे आभाळाकडे, बोटं थोडी वाकलेली.

"काय करताय हो?"

"हात खाली घेतले तं पडन."

"काय पडेल?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते मला दिसायला हवं होतं.

मी हात धरून खाली ओढायला गेले. हलेनात. माझे दीर आले, त्यांनाही जमलं नाही. आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचून पाहिल्या. म्हणाले, हाडात काही नाही, नसेत काही नाही. झोपेचं इंजेक्शन दिलं. हे बसल्या बसल्या झोपले. मान खाली पडली.

हात वरच राहिले.

मी त्यांना भरवायची. पाणी पाजायची. शर्ट घालता येत नव्हता, शाल पांघरून बसवायची. शेजारचे यायचे, बघायचे आणि निघून जायचे. सासूबाई, भिमाबाई, आयुष्यात कधी कोणा भगताकडे गेल्या नाहीत. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मंजू, कोणाले तरी दाखवू वं. मी नाई म्हणत नाई आता."

मग त्यांची बोटं काळीनिळी पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर हात कामातून जातील.

सुताराचे हात.

मी कोणा भगताकडे गेले नाही. मी उघडा टेम्पो केला, यांना मागे बसवलं आणि मोताळ्याला गेले. सरळ तानाबाईच्या दारात.

तिने यांच्याकडे पाहिलं आणि खालीच बसली.

"मावशी, असं कसं झालं? आम्ही तर तिला सोडवलं ना?"

"ते बाई सुटली, पोरी," म्हातारी म्हणाली. "पन काम तं नाई सुटलं. कोणाले तरी धराच लागते."

आम्ही तिघं वर गेलो. या वेळी तानाबाई उंबरा ओलांडून आत आली.

खिडकी वरपर्यंत उघडी होती. मी यांच्या पेटीतली पटाशी आणली होती. खिडकी होती तशी करून टाकायची, एवढंच डोक्यात होतं. स्टुलावर चढले आणि एका बाजूची दोरी कापली. वजन आत तळाला आपटलं. मग दुसऱ्या बाजूची. तेही आपटलं.

पल्ला...

तसाच उभा राहिला.

मी वळून पाहिलं. हे खोलीच्या मधोमध उभे होते. खिडकीपासून लांब. पण त्यांचे हात थरथरत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, घाम गळत होता. जसं सगळं ओझं आत्ताच त्यांच्यावर आलंय.

"हात खाली घ्या," मी ओरडले.

"थांब मंजू... अजून हायत."

आणि तेव्हा मला बाहेरून आवाज आला. खिडकीच्या खालून.

भप्प.

मऊ वस्तूवर काहीतरी पडल्यासारखा. थोडा वेळ गेला.

भप्प.

खाली आता गंजी नाही. तिथे शालिग्राम सरांनी नवी फरशी टाकलीय.

भप्प.

तानाबाईने तोंडाला पदर लावला. ती खिडकीकडे नव्हती बघत. खिडकी आणि माझे मिस्टर यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

मी स्टुलावरून उडी मारली आणि यांच्या हातांना लटकले. अक्षरशः लटकले. ते हात लाकडासारखे ताठ नव्हते. आतून जिवंत होते. वरून काहीतरी दाबत होतं आणि ते त्याला पेलत होते. मी खाली ओढत होते आणि ते रडत होते, "नको... नको, थोडं थांब..."

मी थांबले नाही.

हात खाली आले.

त्याच क्षणी खिडकी धाडकन पडली. काच फुटून खोलीभर झाली. भिंत हादरली. बाहेरचा आवाज बंद झाला.

हे माझ्या अंगावर कोसळले. मी त्यांचे हात चोळत होते आणि तानाबाई माझ्याकडे बघत होती. यांच्याकडे नाही. माझ्याकडे. जिना उतरून गेली. नंतर मी दोनदा भेटायला गेले, तिने दार उघडलं नाही.

शालिग्राम सरांना आम्ही एवढंच सांगितलं की ती खिडकी दुरुस्त होत नाही. त्यांनी तिथे ॲल्युमिनियमची बसवून घेतली. अभ्यासिका सुरू झाली. पोरं-पोरी तिथे बसतात. कोणाला काही दिसत नाही, ऐकू येत नाही. मी मुद्दाम विचारलंय.

यांचे हात बरे झाले. रंधा मारतात, करवत चालवतात. त्या दिवसाबद्दल मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं.

परवा दुपारी मी केस विंचरत बसले होते. हे मागून आले, वाकले आणि एकदम थबकले.

"तुह्या केसाले धुराचा वास काऊन येते?"

मी म्हटलं, कोणी शेजारी कचरा जाळला असेल.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. आणि पहिल्यांदा बोलले.

"त्या दिवशी मले दिसत होतं, मंजू. लेकरं होती. रांग होती. एकामागं एक खिडकीतून जाऊन राह्यली होती. तानाबाईनं सांगितली तेवढीच नोयती. लय होती. कोणाकोणाची होती काय माहीत. मले फक्त एवढंच समजत होतं का रांग संपेपावतर हात खाली घ्याचे नाई."

"मग?"

"संपतच आली होती. आखरीले एकच राह्यलं होतं."

मला का कोण जाणे, विचारायचं नव्हतं. पण त्यांनी सांगितलंच.

"तू होती."

"मी तर तुमच्यासमोर होते. तुमचे हात ओढत होते."

"हाव. मले तू दोनी जागी दिसत होती. एक माह्या हाताले लटकेल. एक रांगेत. म्हनूनच तं म्हनत होतो, थांब."

"आणि खिडकी पडली तेव्हा?"

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तू आतच राह्यली."

त्यानंतर ते म्हणाले, हे सगळं लिहून ठेव. का, ते सांगितलं नाही. हल्ली ते मला घरात एकटं सोडत नाहीत. आत्ताही दाराशी बसले आहेत, काम नसताना.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, कामाला जाते. डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले.

आमच्याकडे चूल नाही. गॅस सकाळपासून बंद आहे. शेजारी कोणी काही जाळत नाही, मी दोनदा बाहेर जाऊन पाहून आले.

पण हे लिहिता लिहिता...

माझे डोळे चुरचुरायला लागलेत.